हुलगे, गुंजा आणि कारलं

केबिन रोडवरच्या वाण्याकडे हुलगे मागितले काय आणि कुळीथ मागितले काय, तो एकाच डब्यात हात घालतो. भाईंदरात घाटावरची माणसं आहेत तशी कोकणातलीही आहेत. कुणी माडगं करतं, कुणी पिठी करतं. पण या गरीब कडधान्याचा एक वेगळाच उपयोग बहुतेकांना ठाऊक नसतो. रक्तपेढीत 'ए' गटाच्या रक्ताचे ए-१ आणि ए-२ असे दोन पोटगट ओळखायचे असतात. त्यासाठी तंत्रज्ञ काचपट्टीवर एका द्रवाचा थेंब टाकतो. तो द्रव हुलग्यांच्या अर्कापासून केलेला असतो.

हा शोध आपल्या पुण्यात लागला. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ज्याला आपण ए.एफ.एम.सी. म्हणतो तिथे, जॉर्ज बर्ड नावाचे डॉक्टर रक्तसंक्रमणाचं काम पाहत होते. निरनिराळ्या बियांचे अर्क ते माणसाच्या रक्तावर टाकून बघत. हुलग्यांचा अर्क 'ए' गटाच्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो आणि 'बी' किंवा 'ओ' गटाच्या पेशींना हात लावत नाही, हे त्यांना १९५१ मध्ये दिसलं. पुढे त्यांनीच शेंगदाण्यातल्या अशाच एका पदार्थाची ओळख करून दिली. हे काम करणारा पदार्थ म्हणजे बीमधलं एक प्रथिन. आपल्या तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्यांची नक्षी असते. कुणाची नक्षी कशी, यावरून रक्तगट ठरतो. हुलग्यातलं प्रथिन त्यातली एकच नक्षी ओळखतं आणि तिलाच धरतं. अशा प्रथिनांना १९५४ मध्ये विल्यम बॉइड यांनी 'लेक्टिन' हे नाव दिलं. ते ज्या लॅटिन क्रियापदावरून आलं, त्याचा अर्थ निवडणं, वेचणं. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, शब्दांत रमणारा माणूस. प्रयोगशाळेतल्या एखाद्या नावाने मला इतका आनंद क्वचितच दिला असेल.

याच सुमारास मुंबईत आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले, ज्यांचं रक्त वरवर 'ओ' वाटे, पण त्यांना 'ओ' रक्त चालत नसे. १९५२ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं आणि 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव जगभर गेलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा निघतो. त्याला चुकून साधं 'ओ' रक्त दिलं, तर त्याच्या शरीरातली प्रतिपिंडं त्या रक्तावर तुटून पडतात आणि जीव जाऊ शकतो. शंका आली तर पडताळा कसा घेतात? पुन्हा एका झाडाकडेच जातात. युलेक्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप युरोपात होतं. इंग्रजांनी ते निलगिरीच्या डोंगरांतही आणून लावलं. त्याच्या बियांतलं लेक्टिन 'ओ' रक्ताच्या पेशींना घट्ट चिकटवतं. बॉम्बे गटाच्या रक्तात मात्र ते काहीच करत नाही, कारण ज्याला धरायचं तेच तिथे नसतं.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, वनस्पतीतलं प्रथिन म्हणजे केवढा उपकारी पदार्थ! उपकारी आहेच. पण हा सगळा उपकार शरीराबाहेर, काचेवर चाललेला आहे. आणि काचेवरसुद्धा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. हुलग्यांचा अर्क पुरेसा पातळ केला नाही, तर तो ए-१ बरोबर ए-२ पेशींनाही चिकटवतो आणि उत्तर चुकतं. म्हणून आधीच माहीत असलेल्या ए-१ आणि ए-२ रक्तावर अर्काची परीक्षा घेतात. पहिल्याला चिकटला आणि दुसऱ्याला नाही चिकटला, तरच तो अनोळखी रक्तासाठी वापरायचा. आता हाच अर्क कुणी शिरेत टोचला तर काय होईल, याची कल्पना करा. काचेवर पेशींचा जो गोळा होतो, तो रक्तवाहिनीत होईल.

मग आपण हुलगे खातो ते कसे? शिजवून खातो, म्हणून. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि घडी मोडली की त्याची पकड जाते. राजमा हे याचं चांगलं उदाहरण. कच्चे किंवा अर्धकच्चे राजम्याचे चार-पाच दाणेसुद्धा माणसाला उलट्या-जुलाबांनी बेजार करू शकतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा शिजवणाऱ्या परदेशी कुटुंबांना हा त्रास झाल्याची नोंद आहे. आपल्या कुकरच्या शिट्ट्यांपुढे ते लेक्टिन टिकत नाही. आणि गंमत अशी, की राजम्यातलं हेच लेक्टिन पांढऱ्या पेशींना विभाजनाला लावतं, हे अमेरिकेत पीटर नोवेल यांना १९६० मध्ये दिसलं. माणसाच्या गुणसूत्रांची तपासणी त्यामुळे सोपी झाली. पोटात गेलं तर विष ठरणारा पदार्थ परीक्षानळीत कामाचा निघाला.

आता गुंजेकडे येऊ. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे सोनाराच्या तराजूत शहाण्णव गुंजा टाकल्या की तोळा भरे. लाल अंगावर काळा ठिपका असलेलं हे देखणं बी आपल्या कवितेतही पुष्कळ आलं आहे. त्याच्या आत ॲब्रिन नावाचं प्रथिन असतं. एरंडाच्या बीमधलं रिसिन हे त्याचं भावंड. ही दोन्ही प्रथिनं पेशीत शिरतात आणि तिथला प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद पाडतात. गुंजेचं कवच टणक असतं, म्हणून अख्खी गिळलेली गुंज बहुधा तशीच बाहेर पडते. चावली किंवा कुटली, की गोष्ट वेगळी. इंग्रजी अमदानीतल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत एका क्रूर धंद्याची वर्णनं आहेत. कुटलेल्या गुंजांची 'सुई' करायची, उन्हात वाळवायची, आणि कातड्यासाठी दुसऱ्याच्या जनावराला टोचायची.

पण याच गुंजेला औषध म्हणून पॅरिसमध्ये मान मिळाला होता. ब्राझीलमधल्या लोकऔषधावरून द वेकर या नेत्रवैद्याने १८८२ मध्ये खुपऱ्यांच्या रोगासाठी गुंजेचा काढा डोळ्यात घालायला सुरुवात केली. त्याने डोळ्याला जबर दाह होई आणि तो ओसरल्यावर बुबुळावरचा पडदा काहींचा विरळ होई. काहींच्या बाबतीत मात्र दाह आवरला नाही आणि डोळाच गेला. या दाहाचं कारण काढ्यात वाढणारे जंतू आहेत, असं एक मत तेव्हा पुढे आलं होतं. कलकत्त्यात वॉर्डन आणि वॉडेल या दोघांनी १८८४ मध्ये ते खोडून काढलं. हा प्रताप जंतूंचा नसून बीमधल्या प्रथिनाचा आहे, असं त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. आपल्या देशात झालेली वनस्पती-प्रथिनाची ही एक जुनी सुरक्षा-तपासणी म्हणायला हरकत नाही. फक्त ती औषध वापरात आल्यावर झाली, आधी नाही.

इथे आपल्या वैद्य-हकिमांचंही सांगायला हवं. आयुर्वेदात गुंज उपविषांत मोडते आणि ती दुधात किंवा कांजीत उकळून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. युनानी हकीम अशा क्रियेला औषध 'मुदब्बर' करणं म्हणतात. उकळल्याने ॲब्रिनची घडी मोडते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण उकळल्याने माणूस मरत नाही, हे ठाऊक होतं. या अनुभवाला मी कमी लेखणार नाही. आजकाल 'शुद्ध नैसर्गिक, कोणतीही प्रक्रिया न केलेलं' अशी जाहिरात होते, तेव्हा मला ते जुने हकीम जास्त शहाणे वाटतात.

प्रथिनांची परीक्षा इतर औषधांपेक्षा अवघड का, याचं एक उत्तर १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांच्या उंदरांनी दिलं. त्यांनी उंदरांना रिसिन अगदी थोडं थोडं खाऊ घातलं आणि हळूहळू मात्रा वाढवली. काही आठवड्यांनी ते उंदीर एरवी हमखास मारणारी मात्रा पचवू लागले. पण रिसिनला सरावलेला उंदीर ॲब्रिनने मेलाच. म्हणजे शरीराने नेमकं ते प्रथिन लक्षात ठेवलं होतं, दुसरं नाही. पॅरासिटामॉलची गोळी दहाव्यांदा घेतली तरी शरीराला सहसा तिची ओळख राहत नाही. परकं प्रथिन एकदा टोचलं, की शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवतं. ही आठवण कधी संरक्षण करते, तर कधी उलटते. दुसऱ्या वेळी तेच प्रथिन आलं की काही माणसांचा श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, मिनिटांत जीव धोक्यात येतो. म्हणून पहिली मात्रा सोसली तेवढ्यावर दुसरी निर्धोक ठरत नाही.

तर अशा प्रथिनाला औषधाच्या बाटलीपर्यंत पोचायला काय काय पार करावं लागतं? आधी ओळख. झाड नक्की कोणतं, भाग कोणता, बी की मूळ की चीक. मग शुद्धता. अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्यातलं हवं ते एकच वेगळं काढायचं आणि जेलच्या पट्टीवर विजेच्या प्रवाहात पळवून बघायचं, की रेघ एकच उमटते की शेजारी पाहुणे आहेत. त्यानंतर जीवाणूंच्या कवचाचे अवशेष त्यात राहिले नाहीत ना, ते पाहायचं, कारण त्यांनी हुडहुडी भरून ताप येतो. पूर्वी हे सशाला टोचून त्याचा ताप मोजून बघत. पुढे हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तावर ही परीक्षा होऊ लागली. मग माणसाच्या रक्तात मिसळून पाहायचं : पेशी चिकटतात का, फुटतात का? मग निरोगी पेशींवर, कारण कर्करोगाच्या पेशी मारणारे पदार्थ रगड आहेत, बाकीच्या पेशी जिवंत ठेवणारे थोडे. मग प्राणी. साधारणपणे एक उंदराच्या कुळातला आणि एक त्याबाहेरचा, कारण एकाला सोसतं ते दुसऱ्याला सोसेलच असं नाही. एकदा देऊन, रोज देऊन, गाभण मादीला देऊन. एवढं झाल्यावर माणूस. तोही मोजकाच, लहानात लहान मात्रेपासून, हाताशी तातडीची औषधं ठेवून. आपल्याकडे यासाठी पूर्वी 'शेड्यूल वाय' होतं. आता २०१९ चे नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियम आहेत.

हे सगळं करूनही प्रथिन चकवा देतं. पपईच्या चिकाची कथा ऐका. लुइस थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी सशांच्या शिरेत पपईतलं पपेन टोचलं आणि सशांचे ताठ कान कुत्र्याच्या पिल्लासारखे खाली लोंबले. काही दिवसांनी ते पुन्हा उभे राहिले. १९५६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पपेनने कानातल्या कूर्चेचा आधार विरघळवला होता. त्यावरून कुणाला सुचलं, की मणक्यांमधली सरकलेली गादी अशीच विरघळवता येईल. पपईतलंच कायमोपपेन हे प्रथिन मणक्यात टोचायला अमेरिकेत १९८२ मध्ये परवानगी मिळाली. कंबरेच्या दुखण्याने पिचलेल्या हजारोंनी ते घेतलं आणि अनेकांना बरं वाटलं. पण काहींना ॲलर्जीचा तीव्र झटका आला, काही थोडे पायांनी लुळे झाले, काही दगावले. पपेन मांस मऊ करायला वापरतात. ते पोटात गेलेल्या काहींच्या शरीराने त्याची आठवण आधीच करून ठेवली असणार. २००३ मध्ये त्याची तिथली विक्री बंद झाली. कच्च्या पपईचा तुकडा लावून मटण मऊ करणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरांनी घाबरू नये. जेवणात ते शिजतं. टोचलेलं शिजत नाही.

दुसरी कथा घाईची. आपल्या पडवळाच्या जातकुळीतली एक वेल चीनमध्ये आहे. तिच्या मुळातलं ट्रायकोसँथिन तिकडे गर्भपातासाठी वापरत. १९८९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की एड्सच्या विषाणूने ग्रासलेल्या पेशी ते निवडून मारतं. तेव्हा त्या रोगावर धड औषध नव्हतं आणि माणसं रोज मरत होती. सॅन फ्रान्सिस्कोत सरकारमान्य चाचणी सावकाश सुरू झाली, पण काही रुग्ण-कार्यकर्त्यांना थांबवेना. त्यांनी औषध परस्पर मिळवून आपली वेगळी चाचणी उभी केली. काही रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाला, काही बेशुद्धीत गेले, मृत्यूही झाला. त्या माणसांना मी दोष देऊ शकत नाही. मरण दारात असलेल्याला नियमावली वाचून दाखवणं सोपं आहे. पण परीक्षा टाळली की परीक्षा रद्द होत नाही, ती फक्त रुग्णाच्या शरीरात घेतली जाते.

सगळ्याच कथा अशा नाहीत. अननसाच्या खोडातल्या प्रथिनांपासून केलेलं एक औषध भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी काढतं आणि खालची जिवंत कातडी राखतं. युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अननस किंवा पपईची ॲलर्जी असलेल्याला ते लावू नये, अशी सक्त सूचना त्याच्याबरोबर असते. गॉशे नावाच्या दुर्मिळ आजारावर गाजराच्या पेशींत तयार केलेलं मानवी प्रथिन २०१२ पासून दिलं जातं. हे प्रथिन गाजराचं नव्हे. गाजराच्या पेशीला माणसाचा नमुना देऊन ते तिच्याकडून करवून घेतात.

आणि आता कारलं. हा विषय मी घेतला त्याचं खरं कारण तेच. आमच्या मजल्यावर एक काका राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले, इन्सुलिन घेणारे. त्यांना कुणीतरी कारल्याच्या चूर्णाची पुडी दिली : यात वनस्पतीचं इन्सुलिन आहे, सुई सोडा. त्यांनी सुई निम्म्यावर आणली. महिन्याभरात पायाची बारीकशी जखम चिघळली, आणि वहिनी रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. "शायरसाहेब, तुम्ही वाचता-लिहिता, हे खरं आहे का ते बघा," म्हणाल्या. मी त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवलं आणि मग वाचत बसलो.

'वनस्पतीचं इन्सुलिन' ही निव्वळ थाप नाही, हे विशेष. कारल्यातून वेगळं काढलेलं 'पॉलिपेप्टाइड-पी' जयपूरच्या संशोधकांनी मोजक्या मधुमेहींना कातडीखाली टोचून पाहिलं. त्यांची साखर उतरली, आणि १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण टोचून, पिऊन नव्हे. पोटात गेलेल्या प्रथिनाचे जठर आणि आतडी तुकडे करतात. डाळीतलं प्रथिन पचतं तसंच. खरं इन्सुलिनसुद्धा याचसाठी टोचावं लागतं. कारल्यात इतर पदार्थ आहेत आणि ते साखर थोडी उतरवत असतील. पण मधुमेहावर कारल्याच्या चाचण्यांचा जो नावाजलेला आढावा २०१२ मध्ये निघाला, त्यात शिफारस करावी इतका पुरावा सापडला नाही. शिवाय कारल्याच्या बियांत रिसिनच्या कुळातली सौम्य प्रथिनं असतात. शुद्ध करून दिली तेव्हा त्यांनी उंदरांत गर्भपात घडवला. म्हणून गरोदर बाईने कारल्याच्या बियांच्या चूर्णापासून लांब राहिलेलं बरं. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर रसाचा पेला रोज घेतला, तर एखाद्याची साखर नको इतकी खाली जाण्याचीही भीती असते.

कायद्याचंही सांगतो, कारण काकांचा भरवसा पुडीवर छापलेल्या परवाना क्रमांकावर होता. आपल्याकडे ग्रंथोक्त आयुर्वेदिक, युनानी औषधाला, ते ग्रंथात सांगितलं तसंच केलेलं असेल तर, नव्याने सुरक्षेच्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत. २०१० पासूनचा तो नियम आहे. ग्रंथाबाहेरच्या, वनस्पतीतून शुद्ध केलेल्या औषधांसाठी २०१५ मध्ये 'फायटोफार्मास्युटिकल' हा वेगळा वर्ग आला. त्यात सुरक्षेची माहिती द्यावी लागते, आणि टोचण्याची औषधं त्या वर्गातून सरळ वगळली आहेत. टोचायचं असेल तर इतर कुठल्याही नव्या औषधासारखी पूर्ण वाट चालायची. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. परवाना कारखान्याला आणि उत्पादनाला असतो. ते तुमच्या इन्सुलिनच्या जागी चालेल, असं तो क्रमांक कुठेही म्हणत नाही.

पुडी मी चष्मा लावून वाचली. फळाचं चूर्ण की बियांचं, ते लिहिलेलं नव्हतं. किती माणसांवर पाहिलं, इन्सुलिन घेणाऱ्यांवर पाहिलं का, मूत्रपिंड कमजोर असेल तर काय, गोळ्या चालू असतील तर मात्रा किती, यातलं काहीच नव्हतं. हे पाच-सहा प्रश्न मी कागदावर लिहून वहिनींना दिले आणि पुडी देणाऱ्यालाच विचारा म्हणालो. काकांची सुई डॉक्टरांनी पूर्ववत केली, जखमही भरत आली. कारल्याची भाजी त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा होते. जून बिया वहिनी चमच्याने काढून टाकतात.